पहिले शंभर माफ

नव्या पिस्तुलावर माझा विश्वास नसतो. जुन्याच्या निदान खोडी ठाऊक असतात. नवं डब्यातून निघतं तेव्हा त्याची स्प्रिंग ताठ असते, वरची सरकती स्लाइड मागे ओढताना दात-ओठ खावे लागतात, आणि विकणारा शेजारी उभा राहून सांगत असतो की अशी चीज अख्ख्या गल्फमध्ये नाही. मी सतरा वर्षं सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. पुढची अकरा वर्षं ओमानात, बरक्याहून आत डोंगरांच्या बाजूला, एका खाजगी शूटिंग क्लबात तेच केलं. 'ठीक' आणि 'ठीक नाही', एवढ्या दोन शेऱ्यांवर माझं घर चाललं.

ज्या पिस्तुलाने मला तोंडघशी पाडलं ते तळहाताएवढं होतं. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही, ती बिचारी खाली लोंबकळत राहायची. दोन हजार सालानंतरचा एक हिवाळा. क्लबाचा मालक, आमचा अर्बाब, ओमानी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. जुन्या सदस्यांना मोठी पिस्तुलं जड होतात म्हणून त्याला अशी दहा छोटी हवी होती. हिंदी तो फौजीच बोलायचा, तेही मोजून. त्याला कारणं नको असत, आकडे नको असत. "उस्ताद, हां या ना?" एवढंच विचारायचा आणि मी सांगेन त्यावर सही करायचा. मला त्या गोष्टीचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

नमुन्याचं पिस्तूल घेऊन आला तो इब्रा शहरातल्या एका दुकानाचा सेल्समन. शिकारीचं आणि नेमबाजीचं सामान विकणारं दुकान. माणूस पस्तिशीचा, बाणकोटच्या खाडीवरचा मुसलमान. माझं गाव त्याच सावित्री नदीच्या वरच्या अंगाला, महाडच्या पुढे. त्याने पहिल्या पाच मिनिटांत ते शोधून काढलं आणि मला काका म्हणायला लागला.

"काका, आपल्याकडचं माणूस भेटलं, बरं वाटलं बगा," म्हणाला. मग चहा होईपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. ही दहा पिस्तुलं त्यानेच आपल्या अर्बाबच्या मागे लागून मागवली होती. आमच्या क्लबाने घेतली तर ठीक; दुकानात पडून राहिली तर त्याचा व्हिसा खलास, पुढे वाढवणार नाही, असं त्याच्या अर्बाबने तोंडावर सांगितलं होतं. नऊ वर्षं तो इथे एकटा राहिला होता. चार महिन्यांपूर्वी कुठे बायको आणि लहान मुलगा आले होते. व्हिसा गेला की तिघंही परत.

त्याने माझीही चौकशी केली. मी म्हटलं, एकच मुलगी, इंडियन स्कूलमध्ये बारावीला, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा.

पण मनातून मला ते आवडलं नव्हतं. आपला म्हणून हा माझ्या गळ्यात पडतोय असं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत मी कुणाचं पिस्तूल गाववाला म्हणून पास केलं नव्हतं आणि आता सुरुवात करणार नव्हतो. उलट, आपला आहे म्हणून जरा जास्तच कडक राहायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

सैन्यातल्या वर्कशॉपात माझ्या उस्तादांनी एक पद्धत घालून दिली होती. नव्या पिस्तुलाचे पहिले शंभर राउंड माफ. स्प्रिंग ताठ असते, धातूच्या कडा एकमेकींना ओळखत नसतात, त्यात ते अडकलं तर लिहून ठेवायचं, पण दोष धरायचा नाही. पुढचे दोनशे मात्र स्वच्छ गेले पाहिजेत. त्यात एकदा अडकलं तर परत पहिल्यापासून, दोनदा अडकलं तर बाद. आणि हे तीनशेच्या तीनशे राउंड एकाच माणसाने झाडायचे. जो सही करणार त्यानेच. मध्ये दुसऱ्याचा हात लागला की सगळी मोजणी बिघडली. ही पद्धत मी ओमानात आणली आणि देवघरातल्या पूजेसारखी पाळली.

पहिल्या दिवशी मी ऐंशी राउंड झाडले, सेल्समन माझ्या मागे दोन पावलांवर कानाला मफ लावून उभा. सहा वेळा अडकलं. दर वेळी तसंच: रिकामं काडतूस बाहेर न पडता स्लाइडच्या तोंडात उभं, जणू दारात पाय घालून उभा राहिलेला वसुलीवाला. मी ते झटकून काढायचो, वहीत रेघ मारायचो आणि पुढे चालू. शेवटच्या मॅगझिनला तो पुढे आला.

"काका, एक मॅगझिन मी मारून बगू?"

"नाही."

"एकच हो."

"तू विकणारा आहेस. हात लावायचा नाही," मी म्हणालो, आणि ज्या आवाजात म्हणालो तो मला आजही आठवतो. तो गप्प मागे सरकला. त्या दिवसानंतर त्याने परत कधी मागितलं नाही. मला वाटलं, याला ठाऊक आहे की माल खराब आहे.

शंभर संपले. पुढच्या पन्नासात तीनदा अडकलं. खरं तर तिथेच बाद करायला हवं होतं, पण मला चैन पडेना. बाद करायचं तर का ते कळायला नको? मी ते पिस्तूल खोलून टेबलावर मांडलं. स्प्रिंग मोजली. काडतूस खेचून काढणारा आकडा भिंगातून पाहिला. दुसऱ्या कंपनीची काडतुसं घातली. मॅगझिन बदललं. तेलाचा संशय आला, कारण तेलात मी एकदा पस्तावलो होतो. ओमानातल्या पहिल्या वर्षी मी कोकणातल्या सवयीने प्रत्येक हत्यार तेलात न्हाऊ घालायचो. आमच्याकडे खाऱ्या हवेत चार महिने लोखंड उघडं ठेवलं तर त्याचा भुगा होतो. इथे वाऱ्यावर वादीची, म्हणजे कोरड्या नदीपात्राची, धूळ यायची, तेलात बसायची, आणि त्याची अशी चिकट भाकर व्हायची की एका सकाळी सात पिस्तुलं एकदम बंद पडली. अर्बाब म्हणाला होता, "उस्ताद, ये मछली नहीं है, फ्राय मत करो." तेव्हापासून मी कोरडं ठेवायला शिकलो होतो. हेही कोरडंच होतं. तरी पुसून पुन्हा झाडलं. अडकलंच.

घरी मी माणसांत नव्हतो. जेवता जेवता उजव्या हाताने हवेत स्लाइड ओढायचो. बायको म्हणायची, "अहो, घास गिळा आधी." सकाळी शर्टाची बटणं लावताना मला वेळ लागायला लागला होता, तर एकदा ती मदतीला आली. "काय झालंय हल्ली तुमच्या बोटांना?" मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, एसीत बसून बोटं आखडतात, त्यात काय एवढं. मुलगी पुस्तकातून मान वर करून इंग्रजीत काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा वाचायला लागली. एका पिस्तुलामुळे घर अंगावर येत होतं.

सेल्समनने काही न बोलता त्याच मालातलं दुसरं पिस्तूल आणून दिलं. त्याचीही तीच तऱ्हा. पहिले दहा-पंधरा राउंड सुरळीत, मग घोडं अडलंच. दोन्ही पिस्तुलं एकाच जागी, एकाच रीतीने बिघडतात याचा मला संशय यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, अख्खा मालच वाईट.

"उस्ताद, हां या ना?" अर्बाबने विचारलं.

"ना."

त्याने सही केली. मी इब्ऱ्याला फोन लावला. सेल्समन पलीकडून म्हणाला, "ठीक हाय काका. तुमी तुमचं काम केलंत." एवढंच. ना रागावला, ना गयावया केली. महिन्याअखेर त्याची मुदत संपत होती हे मला माहीत होतं. फोन ठेवला आणि मला हलकं वाटायच्या ऐवजी उलटंच झालं. दिवसभर काही हरवल्यासारखा मी रेंजवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिलो. माझं चुकलं नव्हतं. वहीत रेघा होत्या. तरी पाय थांबेनात.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. क्लबाच्या ऑफिसात वसईची एक ख्रिश्चन बाई होती, पावत्या, फोन, सदस्यांची नोंद सगळं तीच बघायची. चाळिशीची, बोलकी, पोळ्या लाटून लाटून झालेले भक्कम हात. चार वर्षं ती गोळ्यांचे आवाज ऐकत बसली होती, पण तिने एकदाही पिस्तूल हातात धरलं नव्हतं. त्या सकाळी रेंज रिकामी होती.

"अंकल, आज कुणी नाही. मला एक चान्स द्या ना. अर्बाबना मी विचारलंय, ते बोलले उस्ताद बाजूला असेल तर चालेल."

मी कपाटातून ते बाद केलेलं, दुकानात परत जायचं राहिलेलं छोटं पिस्तूलच काढलं. आता त्याची कसलीही मोजणी चालू नव्हती, कुणाचाही हात लागला तरी चालणार होतं. चांगली पिस्तुलं नवशिक्याला कशाला द्या? मी तिला आधी हेच शिकवलं की हे अडकणार, अडकलं की घाबरायचं नाही, तोंड समोर ठेवायचं आणि मला हाक मारायची. मग कसं उभं राहायचं, कसं धरायचं ते दाखवलं. "मनगट ताठ. वाकता कामा नये," दोनदा बजावलं.

ती झाडायला लागली. नेम बघवत नव्हता, कागदाच्या बाहेर मातीत धुरळा उडत होता. मी तिच्या उजव्या खांद्यापाशी हात पुढे करून उभा, अडकलं की घ्यायला. पहिलं मॅगझिन संपलं. दुसरं भरलं. आता अडकेल. नाही. तिसरं. ती हसत होती, "अंकल, मस्त आहे हे!" मी प्रत्येक राउंड मोजत होतो. तीस. छत्तीस. इतका वेळ ते कधीच चाललं नव्हतं. आयुष्यभर मी पिस्तूल अडकू नये म्हणून उभा राहिलो. त्या सकाळी ते अडकावं म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. पन्नास झाले. एकदाही नाही.

"दे इकडे," मी म्हणालो.

मी झाडलं. सातव्या राउंडला रिकामं काडतूस स्लाइडच्या तोंडात उभं. झटकलं, पुन्हा झाडलं. चौथ्याला अडकलं.

ती बाजूने बघत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिला दिसलं तसं ती बोलली. "अंकल, मला बोलता मनगट ताठ ठेवा, आणि तुमचंच वाकतंय."

छोटं पिस्तूल हलकं असतं. गोळी सुटली की स्लाइड जोराने मागे येते, आणि तिला मागे यायला मुठीवर हात घट्ट लागतो. हात ढिला पडला तर पिस्तूल अख्खंच मागे जातं, स्लाइडचा जोर वाया जातो आणि काडतूस बाहेर पडत नाही. नवशिक्यांना मी हे शेकडो वेळा समजावलं होतं. मोठी जड पिस्तुलं स्वतःच्या वजनाने माझा हात सावरून घेत होती, म्हणून क्लबात कुणाला पत्ता लागला नव्हता. मलाही नाही. या बारक्याने मला उघडं पाडलं. आणि माझी ती एकाच हाताची पद्धत! दुसऱ्या कुणाला एक मॅगझिन झाडू दिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मी खाली बाकावर बसलो. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चिमटली. दुसऱ्याच्या बोटांसारखी लागली. मला भीती वाटली, सरळ सांगतो. पुढे डॉक्टरांनी मानेतली दबलेली नस वगैरे सांगितलं, पण त्या सकाळी मला एवढंच कळलं की ज्या हातावर माझा व्हिसा होता तो हात गेला आहे. माझाही कागद पुढच्या महिन्यातच वाढायचा होता.

बायकोला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "परीक्षा मार्चमध्ये आहे हो."

"माहीत आहे."

"मार्चपर्यंत थांबता नाही यायचं? परीक्षा झाली की सांगा."

मार्चपर्यंत तो इब्ऱ्याचा माणूस बाणकोटला पोचला असता, बायकापोरांसकट. मी तिला हे सांगितलं. ती उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. तिचं बरोबर होतं. मी दोन दिवस गप्प राहिलो हेही इथे लिहून ठेवतो. दोन दिवस मी रोज कामावर गेलो, कपाटातली ती दोन्ही पिस्तुलं पाहिली आणि कपाट बंद केलं. रेंजवर कुणी 'उस्ताद' म्हणून हाक मारली की मी उजवा हात खिशात घालायचो.

तिसऱ्या दिवशी मी अर्बाबच्या खोलीत गेलो. त्याला रेंजवर नेलं, त्याच्यासमोर ऑफिसातल्या बाईला बोलावून तिच्याकडून वीस राउंड झाडवले, मग स्वतः झाडले. अडकलं तिथे थांबलो आणि हात पुढे केला. "पिस्तौल ठीक है, अर्बाब. ये ठीक नहीं है."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागद मागवला, दहा पिस्तुलांच्या ऑर्डरवर सही केली, आणि माझ्यासमोरच इब्ऱ्याच्या मालकाला फोन लावून अरबीत बोलला. मग मी विचारलं, माझा कागद पुढच्या महिन्यात आहे, त्याचं काय?

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

अकरा वर्षांत मी त्याचे सगळे इन्शाल्ला ओळखायला शिकलो होतो. होकाराचा वेगळा, टाळण्याचा वेगळा, उद्या बघू म्हणायचा वेगळा. हा कुठला ते मला कळलं नाही.

शुक्रवारी गाडी काढून मी इब्ऱ्याला गेलो. फोनवरही सांगता आलं असतं, पण मला समोर सांगायचं होतं. का, ते कबूल करतो. मला त्याचा चेहरा बघायचा होता. आपण केवढं मोठं काम केलंय, आपल्या पोटावर पाय देऊन याचं घर वाचवलंय, याची मला हळूहळू गोडी लागली होती. बिदबिदच्या पुढे डोंगरांमधून रस्ता वळतो तिथे मी गाडीत एकटाच, तो आभार मानेल तेव्हा काय म्हणायचं याची तालीम करत होतो. 'अरे, त्यात काय एवढं' असं म्हणायचं ठरलं.

सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे दोन खोल्यांत तो राहत होता. नमाज आटोपून नुकताच आला होता. बॅगा भिंतीशी भरून ठेवलेल्या, पण त्यांतल्या एकीची चेन उघडून बायको कपडे परत बाहेर काढत होती. म्हणजे त्याच्या अर्बाबने बातमी दिली होती. मुलगा रिकाम्या बॅगेत बसून गाडी चालवत होता. मला पाहून सेल्समन धावत आला, दोन्ही हातांनी माझा हात धरला, बसवलं. आणि मग माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

"काका, तुमी अर्बाबला खरंच हाताचं सांगितलंत?"

"सांगितलं. चूक माझी होती. मला आधी कळायला हवं होतं."

"कशाला सांगितलंत हो!" तो जवळजवळ ओरडलाच. बायको दारातून डोकावून बघायला लागली. "मी जे सांगितलं नाय, ते तुमी का सांगितलंत?"

मला काही समजेना. "तू काय सांगितलं नव्हतंस?"

"मी पहिल्याच दिवशी बगितलं होतं. मागंच उभा होतो ना तुमच्या. दर वेळी अडकायच्या आधी तुमचं मनगट खाली जायचं. मी रोज धा गिऱ्हाइकांना पिस्तूल धरायला शिकवतो काका, मला दिसणार नाय?"

एक मॅगझिन मारून बघू, असं तो का म्हणाला होता आणि नंतर परत का म्हणाला नाही, हे मला तेव्हा, त्या सतरंजीवर बसून कळलं. आणि त्याच्या गप्प राहण्याचा मी काय अर्थ लावला होता तेही आठवलं. शरमेने मला पाणी मागवेना.

"अरे, पण तुझा व्हिसा जात होता," मी म्हणालो. "तुझं पोर, बायको... तू एक शब्द बोलला असतास तर..."

"बोललो असतो तर तुमचा गेला असता," तो म्हणाला. मग बॅगेत बसलेल्या मुलाला त्याने उचलून मांडीवर घेतलं. "ताई बारावीला हाय. ह्यो केजीत. केजीतल्या पोराला कुठलीबी शाळा चालते, काका."